फोटो कुणी काढायचा?

मोठ्या मुलीला सायकलवर पहिल्यांदा तोल सापडला तेव्हा मी तिथेच होते. पुरावा म्हणून मोबाईलमध्ये बावीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात आधी आकाश दिसतं, मग जमीन, मग धाकट्या दादूची चप्पल. तो माझ्या कडेवरून घसरत होता आणि मी त्याला गुडघ्याने वर ढकलत होते. सायकलवरची मुलगी सतराव्या सेकंदाला चौकटीत येते आणि विसाव्याला निघून जाते. व्हिडिओ बिघडला याचं मला फारसं काही वाटत नाही. तिने वळून पाहिलं त्या क्षणी मी रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागलाय का ते बघत होते, ते मात्र अजून खुपतं. "आई, बघितलंस?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं. ते खोटं होतं.

लहान मुलं असलेल्या कुठल्याही घरात असं काहीतरी घडतच असतं, आणि त्यावरचे सल्लेही ठरलेले असतात. एक जण म्हणतो, फोन बाजूला ठेव, मुलांकडे बघ. दुसरा म्हणतो, मुलं भराभर मोठी होतात, टिपून ठेव, नाहीतर पुढे हळहळशील. गंमत अशी की दोन्ही सल्ले एकाच बाईला मिळतात, कधीकधी एकाच दिवशी, आणि देणाऱ्याचे हात त्या वेळी रिकामे असतात. फोटो काढावेत की काढू नयेत यावर आपण इतकं बोलतो, पण ते कुणी काढायचे हा प्रश्न क्वचितच निघतो. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. घराच्या आठवणी जपणं ही हौस नाही, ते काम आहे. त्याला वेळ लागतो, लक्ष लागतं, हात लागतात. आणि बहुतेक घरांत ते काम, कुणीही न ठरवता, एकाच माणसाच्या अंगावर येऊन पडलेलं असतं.

या जातीच्या कामाची दखल समाजशास्त्राने तशी उशिराच घेतली. १९८५ मध्ये कॅनडाच्या कॅरोलिन रोझेंथाल यांनी 'किनकीपिंग'चा अभ्यास मांडला. किनकीपिंग म्हणजे नातेवाइकांची खबरबात ठेवणं, गाठीभेटी घडवून आणणं, कुटुंब एकत्र बांधून ठेवणं. हे करणारी व्यक्ती अनेक कुटुंबांत असते आणि ती बहुधा बाई असते, हे त्यातून पुढे आलं. दोन वर्षांनी मानववंशशास्त्रज्ञ मिकेला दि लिओनार्दो यांनी पत्रं, फोन, भेटवस्तू, सणासमारंभांची जुळवाजुळव यांना सरळ 'काम' म्हटलं आणि नोकरी व घरकाम यांच्या शेजारी तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. मुलांचे फोटो मी याच रांगेत धरते. कारण बटण दाबणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्यानंतर एकसारख्या चौदा फोटोंतून एक निवडायचा, उरलेले तेरा पुसताना जिवावर येतं म्हणून तसेच ठेवायचे. स्टोरेज भरलं की रात्री अकराला बसून जागा करायची. आजी-आजोबांना पाठवायचे, आणि एकीकडच्यांना पाठवले तर दुसरीकडच्यांना राहिले नाहीत ना ते बघायचं. पहिला दात कधी आला ते लक्षात ठेवायचं. शाळेतून लहानपणीचा फोटो आणायचा निरोप आला, की तो नेमका कुठल्या जुन्या फोनमध्ये आहे ते आठवायचंही तिनेच. घरातले बाकीचे तेवढ्यात विचारतात, "अगं, तो फोटो आहे ना तुझ्याकडे?"

असतोच. पण त्या फोटोत ती नसते.

एकोणिसाव्या शतकातल्या काही फोटोंकडे पाहिलं की हा प्रकार जुनाच आहे हे कळतं. तेव्हा फोटोसाठी काही सेकंद अजिबात न हलता बसावं लागे. १८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत (रसायन लावलेली काच ओली असतानाच तिच्यावर फोटो घ्यायचा) आल्यावर हा वेळ बराच घटला, तरी वर्षभराच्या बाळाला तेवढाही वेळ स्थिर बसवणं आजवर कुणाला साधलेलं नाही. मग बाळाला धरायला आईला बसवत, आणि फोटोत बाळ एकटंच दिसावं म्हणून तिच्यावर डोक्यापासून कापड टाकत. संग्राहक या फोटोंना 'लपलेली आई' म्हणतात. नीट पाहिलं की खुर्चीच्या पाठीसारखा वाटणारा आकार माणसाचा निघतो. कुठे कापडातून एक हात बाहेर आलेला असतो, बाळाच्या पोटावर घट्ट रोवलेला. काही फोटोंत तर तिचा चेहरा नंतर खरवडून टाकलाय. कापडाखाली दरवेळी आईच असे असं नाही, कधी वडील असत, कधी स्टुडिओतला मदतनीस. पण नाव आईचं पडलं, आणि ते उगाच पडलं नसावं.

पुढे कॅमेरे सुधारले, कापडाची गरज संपली, आणि लपलेली आई कापडाखालून निघून कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा आणला, शंभर फोटोंची फिल्म आत भरूनच. 'तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही करतो' ही त्याची प्रसिद्ध जाहिरात. बाकीचं म्हणजे फिल्म धुणं, फोटो छापणं, नवी फिल्म भरून कॅमेरा परत पाठवणं. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलवर पुढे छत्तीस फोटो मावत. छत्तीस संपले की विषय संपला. मर्यादा यंत्राची होती, त्यामुळे कुणाला अपराधी वाटायचं कारण नव्हतं. आता फोन कधीच 'पुरे' म्हणत नाही, आणि कंपनीकडे असलेलं ते 'बाकीचं' सगळं बिनबोभाट घरी परत आलंय. ते करणाऱ्या व्यक्तीचं नाव कुठल्याही जाहिरातीत नसतं.

फोटो काढणाऱ्या माणसाच्या आठवणीचं काय होतं, याबद्दल थोडं. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तूच कमी आठवल्या. कॅमेऱ्यावर भरवसा टाकून मनाने सुट्टी घेतली म्हणा ना. 'फोन खाली ठेव' म्हणणाऱ्यांना हा प्रयोग फार आवडतो. त्याच प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग ते सांगत नाहीत: वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तर आठवण शाबूत राहिली. म्हणजे दोष यंत्राचा कमी, लक्षाचा जास्त. २०१६ मध्ये क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर उलटंच दिसलं. फोटो काढणारी माणसं समोरच्या गोष्टीत अधिक गुंतली आणि त्यांना मजाही अधिक आली. फक्त कॅमेरा हाताळणंच अनुभवाच्या आड आलं की हा फायदा उरत नव्हता.

आता हे शेवटचं वाक्य दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन वाचा. एका हाताने फोन उघडायचा, दुसऱ्या हाताने त्याला फोन ओढू द्यायचा नाही, तिसरा हात नसताना मोठीला रस्त्याकडे जाण्यापासून अडवायचं. कॅमेरा अनुभवाच्या आड येणं म्हणजे दुसरं काय असतं? मोकळ्या हातांनी, निवांतपणे दोन फोटो काढणारा माणूस त्या प्रसंगातून काहीतरी कमावतो. अडकलेल्या हातांनी तेच करणारा प्रसंगही गमावतो आणि फोटोही. त्यामुळे फोटो चांगले की वाईट हा वाद मला निरर्थक वाटतो. तोच फोन, तोच प्रसंग, पण हात कुणाचे यावर सगळं पालटतं.

डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, २०१७ च्या, असं दिसलं की फोटो काढताना डोळ्यांनी पाहिलेलं जास्त लक्षात राहतं आणि कानांनी ऐकलेलं कमी. मुलांच्या बाबतीत हा सौदा मला महागच वाटतो. धाकटा 'पाऊस'ला 'बाऊ' म्हणायचा. कुणाला दुखलंखुपलं तरी 'बाऊ'च. बाहेर पाऊस आला की आकाशाला लागलंय असं समजून तो फुंकर मारायचा. या दिवसांतले त्याचे ढिगाने फोटो आहेत. ती फुंकर एकाही फोटोत ऐकू येत नाही.

जाता जाता एक गोष्ट. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला 'निश्चल चेहऱ्या'चा प्रयोग हल्ली फोनवाल्या आयांना घाबरवायला वापरतात. त्यात आई काही वेळ चेहरा निर्विकार ठेवते. बाळ तिला हसवू पाहतं, हातवारे करतं, शेवटी हिरमुसून तोंड फिरवतं. पाहवत नाही, हे खरं. पण ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामाचा रोख असा आहे की आई आणि बाळ यांचा सूर वरचेवर चुकतच असतो, आणि तो पुन्हा जुळणं यातच त्या नात्याचं बळ असतं. तेव्हा दोन मिनिटं फोनमध्ये गेल्याने मूल वाया जाईल ही भीती कृपा करून कुणी विकू नये. मला बोलायचंय ते अपराधीपणाबद्दल नाही, कामाच्या वाटणीबद्दल.

आता मूळ समजुतीकडे येऊ. हा सगळा खटाटोप मुलांसाठी असतो असं आपण म्हणतो. मोठी झाल्यावर त्यांना त्यांचं बालपण बघता यावं म्हणून. त्यांना स्वतःला काय आठवणार असतं? मोठ्या माणसांना सांगता येणारी सगळ्यात पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या सुमाराची निघते. पण म्हणून दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या लक्षात काहीच राहत नाही असं नाही. पॅट्रिशिया बावर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांचं आईबरोबरचं बोलणं नोंदवून ठेवलं आणि त्याच प्रसंगांबद्दल त्यांना पुढे वेगवेगळ्या वयांत विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांकडे ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं होतं. म्हणजे आठवण असते, आणि शाळेची पहिली दोन-तीन इयत्ता होईतो विरत जाते.

मग ती टिकते कशाने? रॉबिन फिवुश, इलेन रीज आणि इतरांनी अनेक वर्षं एका साध्या गोष्टीचा माग घेतला: आईवडील मुलांशी झाल्यागेल्याबद्दल कसं बोलतात. काही जण "कुठे गेलो होतो आपण? कुणाबरोबर? बरोबर!" अशी उलटतपासणी घेतात. काही जण मुलाने टाकलेला एखादा शब्द उचलतात, त्यात भर घालतात, पुढे काय झालं ते विचारतात, तुला तेव्हा भीती वाटली होती ना म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या घरातली मुलं पुढे स्वतःच्या आठवणी जास्त तपशिलाने सांगतात. न्यूझीलंडमधल्या माओरी प्रौढांची पहिली आठवण २००० च्या एका अभ्यासात पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली, तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बरीच आधीची. माओरी समाजात भूतकाळ बोलून जागता ठेवण्याला जे महत्त्व आहे त्याच्याशी संशोधकांनी याचा संबंध जोडला. बोलायला कॅमेरा लागत नाही. हात अडकलेले असले तरी चालतं, उलट आंघोळ घालताना, केस विंचरताना, झोपवताना या गप्पा जास्त रंगतात.

फोटो बोलत नाही, इतकंच नाही, तो खोटंही बोलू शकतो. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी वीस प्रौढांना त्यांच्या लहानपणीचे खरे फोटो दाखवले आणि त्यांत एक बनावट मिसळला: ते घरच्यांसोबत गरम हवेच्या फुग्यात बसलेत असा. तशी फेरी कुणीच मारली नव्हती. तीन मुलाखती होईतो निम्म्या लोकांना ती थोडीफार किंवा चक्क तपशीलवार 'आठवली'. तेव्हा फोटो म्हणजे आठवणीची तिजोरी आणि आपण तिचे राखणदार, हे चित्र मुळातच डळमळीत आहे. फोटो हे फार तर बोलणं सुरू करायचं निमित्त. आणि निमित्ताला हजारो प्रती लागत नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला मला घरातूनच ऐकायला मिळाला: "पण तुला आवडतं ना फोटो काढायला?" आवडतं. मला वाचायलाही आवडतं, म्हणून घरातलं सगळं वाचन कुणी माझ्यावर सोपवलेलं नाही. दुसरा आक्षेप जड आहे. ज्या घरातलं माणूस अवेळी गेलं, त्यांना विचारा, ते म्हणतील आणखी फोटो हवे होते. हे मला पूर्ण मान्य आहे. माझा सगळा मुद्दा त्यांच्याच बाजूचा आहे. अशा वेळी घरचे शोधतात तो फोटो मुलांचा नसतो, गेलेल्या माणसाचा असतो. आणि तीच जर वर्षानुवर्षं फोटो काढणारी असेल तर काय हाती लागतं? दोन लग्नांतले ग्रुप फोटो, एक ओळखपत्रावरचा, आणि हात लांब करून काढलेल्या सेल्फी, ज्यांत मुलाचं अर्धं कपाळ आणि तिचा एक डोळा.

म्हणून माझा नियम साधा आहे, थोडा उर्मट वाटला तरी चालेल. ज्याचे हात मोकळे, त्याने फोटो काढायचा. ज्याच्या हातात मूल, तो फोटोत. फोटो चांगला येणार नाही, कोन चुकेल, केस विस्कटलेले दिसतील, मागे वाळत घातलेले कपडे येतील. येऊ देत. पाहुणे आले की त्यांच्या हातात फोन द्यावा. नवऱ्याला दरवेळी आठवण करून द्यावी लागत असेल, तर आठवण करून देणं हेही कामच आहे, ते त्यालाच शिकू द्यावं. आणि कुणाचेच हात मोकळे नसतील तर त्या प्रसंगाचा फोटो नसेल. निम्मं आयुष्य असंच बिनफोटोचं असतं आणि ते वाया जात नाही.

निवडणं आणि जपणं हे कामही याच हिशेबात धरायला हवं. इंटरनेटच्या पायाभरणीत ज्यांचा मोठा वाटा आहे त्या व्हिंट सर्फ यांनी २०१५ मध्ये इशारा दिला होता की आजच्या फायली उद्याच्या यंत्रांना वाचताच येणार नाहीत अशी वेळ येऊ शकते. मनापासून जपायचे फोटो कागदावर छापून ठेवा, असं त्यांनी सुचवलं. संगणकाच्या क्षेत्रात हयात गेलेला माणूस कागद घ्या म्हणतो, तेव्हा ऐकावं. पण छापायचे कोणते, हे ठरवायला बसायचं कुणी? आमच्याकडे आता हे काम नवऱ्याकडे आहे. त्याने वर्षाचे चाळीस निवडले. मी निवडले असते त्यांतला त्यात एकही नाही. तरी मी तोंड मिटून आहे, कारण काम सोपवायचं आणि वर लुडबूड करायची हे माझ्याच सासूबाईंनी मला केलेलं मला चांगलं आठवतं.

एक व्यक्ती या सगळ्या वादात विचारलीच जात नाही, ती म्हणजे मूल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या कलमात मुलांच्या खासगीपणाचं रक्षण आहे आणि बाराव्यात त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदाच केला की मुलाच्या छबीबाबतचा हक्क आईवडिलांनी मिळून जपायचा, आणि मुलाचं वय व समज पाहून त्यालाही निर्णयात घ्यायचं. मला या कायद्यातला 'मिळून' हा शब्द आवडला. २०१८ मध्ये अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की लोकांना दाखवायचाच म्हणून फोटो काढला, की काढतानाच मजा कमी होते. आपण कसे दिसू ही चिंता मध्ये येते. घरच्या संग्रहातले फोटो आणि स्टेटसवरचे फोटो ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम टाकून दिलं, तर पहिल्यातला निम्मा ताण जातो असा माझा तरी अनुभव आहे. छान दिसायची सक्ती गेली की "इकडे बघ, हस, नीट हस" हेही बंद होतं, आणि ते ऐकून ऐकून मुलं कॅमेऱ्यासमोर जे दात विचकायला शिकतात तेही.

मागच्या आठवड्यात मुलीला झोपवताना सायकलचा विषय निघाला. ती आता सात वर्षांची आहे. मी तिला खरं सांगून टाकलं, की तू वळलीस तेव्हा मी बघत नव्हते, फोनमध्ये बघत होते. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला ती घटना आठवत होती, पण निराळी. सायकल कुठल्या रंगाची होती ते तिला सांगता आलं नाही, आपण पडलो की नाही तेही नाही. "तू एका पायावर उभी होतीस," ती म्हणाली, "आणि दादूला गुडघ्यावर घेऊन उड्या मारत होतीस. मला इतकं हसू आलं ना, म्हणून मी वळून बघितलं."